खांबावरची डहाळी

सकाळी नऊ वाजता आंबेटेपच्या माळावर होतं ते असं: बारा मीटरचा लोखंडी खांब एक, त्याच्या टोकाला आवळलेला थाळीसारखा अँटेना एक, सौर पाट्या चार, बॅटऱ्या दोन, सिमेंटचा वाळलेला पाया एक. वाडीतली घरं एकेचाळीस. मोबाइलची रेंज शून्य. क्रेनही शून्य, पोलादपूरहून निघालेली क्रेन दुसऱ्या वळणावरूनच माघारी गेली होती.

गेल्या जुलैत दरड आली, तेव्हा वाडीतला गणू अडीच तास चालत निरोप घेऊन खाली पोलादपूरला गेला होता. तसं पुन्हा होऊ नये म्हणून हे नवं बिनतारी जाळं होतं. ते फक्त बचाव पथक, रुग्णवाहिका आणि दवाखान्यासाठी. खांब आणि बॅटऱ्यांचे पैसे वाडीच्या मुंबई मंडळानं जमवले होते, बाकीचे जिल्ह्याच्या आपत्ती निधीतून येणार होते. अट होती ती वेगाची. आज पाचच्या आत किमान वीस मेगाबिटची नोंद पाठवायची, नाहीतर यंत्रं दुसऱ्या गावाला जाणार.

"क्रेन नाही, म्हणजे आज काही होत नाही," जाळं जोडायला आलेली मी म्हणाले.

वाडीतल्या हैबतीकाकांनी खांबाला पायानं ढोसलं. "ह्यो बारा मीटर? आमची होळी, अख्खं झाड असतं ते, ह्याच्याहून उंच असते गो. कशानं उभी करतो, क्रेननं?"

होळीला दोन दिवस होते, मुंबईचे सगळे गावी आले होते. बांबू जोडीजोडीनं कात्रीसारखे बांधले गेले, दोर तीन बाजूंना ताणले गेले.

"लिफ्टवाल्या, बटण दाब की!" वाडीतल्या म्हाताऱ्या ठकूबाई सुनीलला ओरडल्या. सुनील हैबतीकाकांचा मुलगा, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतो.

"बटण तुझ्याकडंच हाय आजी, आवाज दे!"

त्यांनी आवाज दिला, तसे सगळ्यांनी दोर ओढले. खांब अकरा मिनिटांत उभा राहिला. क्रेनसाठी मी चाळीस मिनिटं धरली होती.

जोडण्या संपेपर्यंत साडेतीन वाजले. पोलादपूरच्या बचाव पथकातली दर्शना वॉकीटॉकीवर आकडा वाचत होती. "तीन पॉइंट एक, ताई."

"वीस हवेत."

"मला काय सांगतेस? तीनच हायेत!"

केबल तपासली, ठीक. बॅटरी १२.७ व्होल्ट, ठीक. अँटेनाची दिशाही अंशापर्यंत बरोबर. चार वाजून गेले. मला काही सुचेना, म्हणून मी खांबाच्या बुंध्याशी उताणी पडले आणि वर पाहिलं.

थाळीच्या बरोबर समोर आंब्याची हिरवीगार, दाट डहाळी लोंबत होती. पानांत पाणी असतं, आणि पाणी लहरी शोषून घेतं.

"ही कोणी बांधली?"

"मी," सुनील म्हणाला. "उभा करायच्या आधी. होळी काय बोडकी उभी करतात?"

"ही होळी नाहीये! सोडा ती."

ठकूबाईंनी मान हलवली. "बांधलेली डहाळी सोडायची नाय, पोरी. आपोआप गळंल तेव्हा गळंल."

मी घड्याळ दाखवलं. पाचला अठ्ठेचाळीस मिनिटं. हैबतीकाका वर बघत राहिले, मग हसायला लागले. "सोडायची नाय ना? मग फिरवा की! मागच्या अंगाला गेली तर देवाला काय दिसायचं नाय?"

ठकूबाईंनी जरा विचार केला. "फिरवायला माझी ना नाय."

तीन बांबू एकमेकांना बांधून टोकाला आंबे उतरवायची आकडी लावली. सुनील ढकलत होता आणि सगळी वाडी त्याला दिशा सांगत होती, निम्मी डावी, निम्मी उजवी.

"अरे, तुझी उजवी नाय, माझी!"

"तू माझ्या समोर उभी हायस आजी!"

डहाळी सरकली, अडली, पुन्हा सरकली आणि खांबाच्या मागे जाऊन बसली. मी वॉकीटॉकी उचलला. "दर्शना, वाच."

चार वाजून अडतीस मिनिटं. ४६.३ मेगाबिट प्रति सेकंद.