रंगवलेला दांडा

दत्तात्रय मुजुमदार रेल्वेच्या सिग्नल खात्यात छत्तीस वर्षं काढून निवृत्त झाले, आणि त्या छत्तीस वर्षांत एखाद्या बोल्टचा जरी संशय आला तरी गाडी रोखून धरायला ते कधी कचरले नव्हते. असा माणूस आज आपल्याच परसात, आपल्याच बायकोशेजारी, तोंडात गुळणी धरून उभा होता.

प्रकरण तसं साधं होतं. फ्रीगंज मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरामागचा शिरीषाचा वृक्ष दोन वर्षांपूर्वी वाळला आणि स्वयंपाकघराकडे झुकत चालला. झाड पाडायची नगर निगमची परवानगी यायला दसरा उजाडला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाळ हजर झाला. गोपाळ झाडं पाडणारा, भैरवगढकडचा, पन्नाशीतला, कामापुरतं बोलणारा. कापायची मशीन, दोर, बाभळीच्या चार पाचरी आणि स्वतःची कुऱ्हाड एवढं सामान त्याने भिंतीशी मांडलं.

त्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर दत्तात्रयांची नजर खिळली. काळपट, वापरून गुळगुळीत झालेला, रंगाचा थेंबही नसलेला.

"धावड़े की लकड़ी का है, साब," ते बघतायत हे पाहून गोपाळ म्हणाला. "रेशा देखो, ऊपर से नीचे तक सीधा. रेशा तिरछा हुआ तो डंडा टूटेगा ही. आज नहीं तो कल."

घरातली कुऱ्हाड मात्र लाल ऑइलपेंटने चकाकत होती, आणि त्या रंगाची हकीकत एकट्या दत्तात्रयांना ठाऊक होती. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची ही मुजुमदारांची रीत, आणि खंडित वस्तू पाटावर ठेवायची नाही हा विजयाताईंचा कडक नियम. पूजेच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड घासताना पात्याजवळ वीतभर तिरकी चीर दिसली. नवा दांडा आणायचा तर दुपारची झोप बुडणार होती. साहेबांनी चिरेत पुट्टी भरली आणि वरून रंग मारला. "दांडा धड आहे ना हो?" हळदकुंकू वाहताना विजयाताईंनी विचारलं, तेव्हा "एकदम फर्स्ट क्लास" असं म्हणून मोकळे झाले.

आता विजयाताई तीच कुऱ्हाड दोन्ही हातांवर धरून बाहेर आल्या. "भैया, इसकी परसों पूजा हुई है. आज का काम इसी से करो."

गोपाळने कुऱ्हाड उलटसुलट फिरवली. त्याच्या कपाळाला आठी पडली. "रंग क्यों कर दिया, साब? रंग के नीचे कुछ दिखता नहीं. डंडा पक्का है ना?"

"अहो, सांगा ना त्याला. तुम्हीच तर नीट बघून घेतलीत."

इथे एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण त्या एका वाक्यात पूजेतला खोटेपणाही बाहेर आला असता, आणि तोही परक्या माणसासमोर. "पक्का है," दत्तात्रय म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

गोपाळने दोघांना उजव्या बाजूला, पाण्याच्या टाकीपाशी उभं केलं. "पेड़ इधर नहीं आएगा." मग मोकळ्या प्लॉटच्या बाजूने खोडात खाच घेतली आणि स्वयंपाकघराच्या बाजूने मशीन चालवली. अर्ध्याहून जास्त कापून झालं आणि झाड मागे रेललं. कापलेली फट मिटू लागली. गोपाळने झटकन मशीन बाहेर ओढली आणि फटीत दोन पाचरी बसवल्या. आता सगळी मदार पाचरींवर. त्या जितक्या आत जातील तितकं झाड उचललं जाऊन प्लॉटकडे कलणार, आणि नाही गेल्या तर स्वयंपाकघर गेलंच म्हणून समजा.

गोपाळ त्या लाल कुऱ्हाडीच्या माथ्याने पाचर ठोकू लागला. एक. कुऱ्हाड त्याच्या उजव्या खांद्यामागून फिरून येत होती, आणि मागे जाताना दर वेळी पात्याचा रोख थेट टाकीकडे होता. झाड इकडे येणार नव्हतं हे खरं, पण पातं येऊ शकत होतं. दोन. तीन. रंगाचा एक टवका उडाला. दत्तात्रय स्वतः सरकून बायकोच्या पुढे उभे राहू पाहत होते, पण विजयाताई मान बाजूला काढून कौतुकाने बघत होत्या. चार.

पाचव्या घावाला आवाज बदलला. ठणठणीत आवाज बसका झाला. रुळावर हातोडी मारून दोष ओळखणाऱ्या त्यांच्या कानाला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. अजून दोनतीन घाव, मग झालंच, कशाला उगाच बोभाटा, असं त्यांनी मनाला समजावलं. सहा. पाचर बोटभर आत गेली. सात. लाल रंगावर पांढरी तिरकी रेघ उमटली.

गोपाळने कुऱ्हाड आठव्यांदा मागे नेली.

"रुको!" दत्तात्रय किंचाळले. "रुको, गोपाळ! उसमें दरार है! मैंने पुट्टी भरके रंग लगाया है!"

गोपाळचे हात हवेतच थांबले. त्याने कुऱ्हाड हळूच खाली आणली, दांडा गुडघ्यावर ठेवून जरासा दाबला. काडकन आवाज झाला आणि पातं दांड्याच्या तुकड्यासकट त्याच्या पायाशी पडलं. स्वतःची कुऱ्हाड उचलून त्याने पाचरींवर चार घाव घातले. खोड करकरलं, "हटो!" म्हणत तो मागे झाला आणि शिरीष प्लॉटमध्ये आडवा झाला. स्वयंपाकघराचं कौलसुद्धा हललं नाही.

धूळ बसल्यावर गोपाळ दत्तात्रयांसमोर आला. "साब, मैंने आप ही से पूछा था," एवढंच म्हणून तो दोर गोळा करायला गेला.

दत्तात्रय बायकोकडे वळले. "विजया, मी तुला सांगणारच होतो. पूजेत खंडित वस्तू..."

"पूजेचं राहू द्या," विजयाताई म्हणाल्या. त्या टाकीपासून बुंध्यापर्यंतच्या जेमतेम आठ पावलांच्या जागेकडे बघत होत्या. "त्याने आपल्या कुऱ्हाडीने किती घाव घातले?"

माहीत नाही म्हणायला हवं होतं. पण खरं बोलायची उबळ नेमकी आता आली.

"सात."

"मोजत होतात?"

दत्तात्रयांची नजर तुटलेल्या लाल दांड्याकडे गेली.

"म्हणजे सात वेळा ती माझ्याकडे येताना बघितलीत," विजयाताई म्हणाल्या, आणि गोपाळला पाणी द्यायला निघून गेल्या.