शिलाईसाठी सोडलेला अर्धा इंच

आठ महिने झाले, आईची कंबर दुखतेय. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करते, म्हणजे दिवसभर टेबलावर ओणवी. दुखणं मणक्याचं आहे असं मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तरच कारखाना तिला बसून करायचं काम देणार होता. म्हणून आई आणि मी मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

खिडकीवर एक कागद मिळाला. त्यावर एक टकलू माणूस, पुढून आणि मागून, बिननाकाचा. दुखतं तिथे रेघा, मुंग्या येतात तिथे टिंबं काढायची. आईने सवयीने पिशवीतून खडू काढला, मी घाईघाईने पेन दिलं.

आत डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, आईकडे नाही. तिच्याकडे बघायला बहुधा वेगळा नंबर लावावा लागत असेल. मग तक्ता काढून त्यांनी मार्क दिले. रेघ चित्रातल्या अंगाबाहेर गेली की मार्क वाढतात, आईच्या सगळ्याच बाहेर गेलेल्या, आणि मार्क वाढले की दुखणं मनाचं. ताईंना समुपदेशनाला पाठवतो, हवेत कुणाची कंबर दुखत नाही, म्हणाले.

आईने पिशवी आवळली.

"ते शिलाईसाठी सोडलंय, डॉक्टर," मी म्हटलं. "आई काहीही आखताना बाहेर अर्धा इंच सोडते. तुमच्या शर्टालाही कुणीतरी सोडलाय, म्हणून तो अंगावर टिकलाय."

त्यांनी शर्टाची शिवण चाचपलीच. मग म्हणाले, एवढी शहाणी आहेस तर टिंबं उजव्याच पायावर का, तेही सांग. मी आईकडे पाहिलं.

"एकच बाजू आखतात ना," आई म्हणाली, आम्ही दोघंही पहिलीतले असल्यासारखी. "कापड दुमडलेलं असतं. दुसरी आपोआप येते."

म्हणजे मुंग्या दोन्ही पायांना. हे तिने घरी मलासुद्धा सांगितलं नव्हतं.

दोन्ही पायांना म्हणजे मणका बघायला हवा, म्हणत डॉक्टर एकदाचे खुर्चीतून उठले. आईला झोपवून दोन्ही तळव्यांना पिन टोचून पाहिली, अंगठे वर ओढायला लावले. आठ महिन्यांत गोळ्या सगळ्यांनी दिल्या होत्या, हात पहिल्यांदाच लागला. एमआरआय आजच्या आज, आणि कारखान्यासाठी चिठ्ठी: ओणवं काम बंद.

निघताना त्यांनी कोरा कागद पुढे केला. फाईलला लावायचाय, यावेळी रेषेच्या आत भरा. आईने निमूटपणे भरला. मार्क एकदम कमी आले, डॉक्टर खूश.

कंबर मघाएवढीच दुखत होती.