पाठ केलेली तारीख

पुष्पांजली मॅडमनी विज्ञानाचा पेपर शामकलासमोर सरकवला. वर नाव, इयत्ता नववी, तारीख. अक्षर मोत्यासारखं. खाली चार पानं कोरी.

"सगळ्याच विषयांचं असंच होऊन राहिलं, ताई," मॅडम म्हणाल्या. "कॉपी केली असती तरी मले बरं वाटलं असतं. कायतरी लिवलं तं असतं!"

शेजारच्या टेबलावर वह्या तपासणारे खेमराज सर मान वर न करता बोलले, "मस्ती करत नाई, गैरहजर राहत नाई. खिडकीपाशी येऊन बसते न् बस. अशा पोट्टीले रागवाचं तरी कायले?"

शामकलानं पेपर उलटून पाहिला. मागेही कोराच. सोळा वर्षं ती गावच्या अंगणवाडीची सेविका होती. गावातल्या निम्म्या पोरांना डावा हात कुठला न् उजवा कुठला हे तिनं शिकवलेलं. बाया रस्त्यात थांबवून सांगायच्या, माझं लेकरू तुझ्यामुळंच बोलायला लागलं. आणि तिची स्वतःची रिंकू दोन वर्षांपासून घरातसुद्धा 'हो' आणि 'नाई' यापलीकडे बोलत नव्हती. या गोष्टीची शामकलाला लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग यायचा.

गावाहून केशोरीच्या या शाळेत येताना बसमध्ये घोकत आणलेलं वाक्य तिनं एकदाचं बोलून टाकलं. "मॅडम, तिले शाळेतून काढून घरीच शिकवलं तं? सतरा नंबरचा फॉर्म भरू. दहावी बाहेरून देईन."

"घरी कोण शिकवन?"

"मीच."

खेमराज सरांचा लाल पेन थांबला. "वाईट वाटून घेऊ नका, ताई. हे बीजगणित हाय. चिऊकाऊची गाणी नोयत."

वाईट वाटलंच. पण सर खोटं बोलले नव्हते. शामकला बारावी, तीही दुसऱ्या खेपेला. रिंकूचं गणिताचं पुस्तक तिनं या महिन्यात दोनदा उघडलं होतं आणि दोन्ही वेळा कुणी पाहायच्या आत मिटलं होतं.

मॅडमनी मात्र रजिस्टर काढलं. "बाहेरून बसाले चौदा वर्षं पूर्ण लागते." त्यांचं बोट रिंकूच्या ओळीवर आलं. "ते तं झालेच हायत. पण ताई, एक विचारू? बाकीच्या पोरींपुढं हे एवढीशी काऊन दिसते? तब्येतीचं काही हाय का?"

शामकला गप्प बसू शकली असती. आठ वर्षं बसलीच होती.

"तब्येतीचं नाई," ती म्हणाली. "तारीखच खोटी हाय."

आठ वर्षांपूर्वी गावच्या शाळेचा पट घसरला होता. पहिलीत आणखी एक नाव मिळालं नाही तर शाळा बंद होणार, असं सगळे म्हणत. हेडमास्तर यादोराव गुरुजी अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसले. वयात बसणारं एकही लेकरू उरलं नव्हतं. रिंकू साडेचार वर्षांची होती, पण शंभरपर्यंत आकडे म्हणायची. साहेब तपासणीला आले की शामकला तिलाच पुढं उभी करायची. जन्माचा दाखला नसला तर अंगणवाडीची नोंद चालते, हे दोघांनाही ठाऊक होतं. शामकलानं रजिस्टरात दीड वर्ष मागची तारीख टाकली आणि खाली सही केली. कुणी विचारलं तर पोर चुकू नये म्हणून तिच्याकडून नवी तारीख पाठ करून घेतली. वाढदिवसही त्याच तारखेला होऊ लागला. पुढं पुढं रागावताना शामकलाच्याच तोंडून निघायचं, "वय पाय आपलं! एवढंही येत नाई?" शाळा वाचवणारी बाई म्हणून गावानं तिचं कौतुक केलं. तिसऱ्या वर्षी शाळा बंद झालीच.

खेमराज सरांनी आता मान वर केली. "नापास तं होईनच यंदा. आपोआप मागं बसन."

"एक वर्ष मागं बसून काय होते, सर?" मॅडम म्हणाल्या. "आठ वर्षं ते लेकरू आपल्याहून मोठ्यांच्या मागं धावून राहिलं. आता दमून बसलं." त्यांनी रजिस्टर हळूच मिटलं. "ताई, हे बाहेर बोलू नका. सही तुमची हाय. नौकरी जाईन. मी काई आयकलं नाई."

रिंकू बाहेर पायरीवर बसली होती. आईला पाहताच उठली. "काढलं का माहं नाव?"

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा काही विचारलं होतं. चेहरा उजळला होता. शामकलाला वाटलं, हो म्हणावं.

"नाई," ती म्हणाली. "मले बीजगणित कोठं येते, बाई?"

रिंकूनं दप्तर खांद्यावर घेतलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली. गावाजवळ जुनी शाळा दिसली. दाराला कुलूप होतं आणि आवारात कुणीतरी गुरं बांधली होती.

दिवेलागणीआधी शामकलानं तिला अंगणात समोर बसवलं. आज खरं सांगून टाकायचं, नोकरीचं काय व्हायचं ते होवो, असं तिनं बसमध्येच ठरवलं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं, लेकरा, मीच तुला लवकर उठवून उभी केली, एवढंच सांगायचं होतं. पण सुरुवात कुठून करावी ते कळेना.

"वहीत नाव लिव," ती म्हणाली. "अन् खाली जन्मतारीख."

रिंकूनं जराही न थांबता लिहिली. दिवस, महिना, वर्ष. शिकवलं होतं तस्सं, एक आकडा इकडचा तिकडे नाही. मग वही आईकडे वळवून ती वाट पाहत राहिली.

शामकलानं त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"चुकली का?" रिंकूनं विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"नाई वं," शामकला म्हणाली. "बरोबर हाय."

तिनं पेन घेतला, तारखेपुढं बरोबरची खूण केली आणि सवयीनं खाली सहीही केली.