लेइडाच्या नावाचं विधेयक

मी एक विधेयक आहे. कायदा नव्हे, होता होता राहिलेला. वॉशिंग्टनमधल्या एका थंड दालनात, करड्या पेटीत, माझ्यासारख्याच न झालेल्यांच्या सोबतीनं पडून असतो. इथे दिवस कळत नाही. धुक्यातून होडी यावी तशा आठवणी येतात नि जातात.

माझा जन्म एका पत्रातून झाला. मेन राज्याच्या किनाऱ्यापुढे हॅरो नावाचं छोटंसं बेट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एस्टोनियातून शिडाच्या होडीनं समुद्र ओलांडून आलेल्यांपैकी लेइडा कुसिक ही नर्स तिथेच राहिली. तिच्याकडे कागदपत्रं नव्हती. बेटावर डॉक्टर नव्हता. दोन वर्षांत तिथली सगळी बाळं तिच्याच हातात जन्मली आणि मग तिला देश सोडायची नोटीस आली.

तिनं तिथल्या लोकप्रतिनिधींना, ऑल्वा थर्लोंना लिहिलं, "विनंती कशी करतात मला माहीत नाही. मेपर्यंत सहा बायका मोकळ्या व्हायच्या आहेत. तेवढं होऊ द्या. मग मला कुठेही पाठवा."

थर्लो सत्तरी ओलांडलेले, सभागृहात बसल्या बसल्या डुलक्या काढणारे गृहस्थ. ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग त्यांच्या सेक्रेटरी मिस प्रुइट यांना म्हणाले, "बाई, यंत्रावर कागद चढवा. हिला मेपर्यंत नको, कायमचंच राहू द्यायचं."

असा मी झालो. जेमतेम दहा ओळींचा. एका माणसासाठीही कायदा करता येतो तिथे. थर्लोंनी मला प्रतिनिधिगृहातल्या, नवी विधेयकं टाकायच्या लाकडी पेटीत सोडलं, मला नंबर मिळाला, समितीनं मला मान्यता दिली. आणि माझा निकाल लागेपर्यंत लेइडाला कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज होता. मी नुसता पडून होतो, तरी तिच्या डोक्यावर छप्पर होतं. ते दिवस मला सगळ्यांत गोड वाटतात. मार्चमध्ये दोन बाळं झाली, एप्रिलमध्ये तीन. मिस प्रुइट पत्रं वाचून दाखवायच्या आणि माझी टाइप केलेली प्रत त्यांच्या खणात पडून ऐकायची. कागदाला कागदाची खबर लागते.

मे महिन्यात सभागृहात माझं नाव पुकारलं गेलं. अशा विधेयकांवर दोन सभासद उठून "हरकत" म्हणाले, की ते पुन्हा समितीकडे जातं आणि तिथेच धूळ खातं. हरकती घेण्याचं काम होल्कम रस्क यांच्याकडे होतं. काटेकोर माणूस. त्यांचा एक जोडीदारही होता. ते उठले की तोही उठायचा. त्या दिवशी रस्क हरकत न घेता एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत राहू द्या."

थर्लोंनी त्यांना खालच्या उपाहारगृहात गाठलं. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होतो.

"रस्क, तुम्हाला काय खुपतंय ते सांगा."

"मला बाई खुपत नाही. लाखो लोक रांगेत उभे आहेत. हिला पुढे का घ्यायचं?" रस्क सूप ढवळत म्हणाले.

थर्लोंनी लेइडाचं पत्र पुढे सरकवलं. रस्क यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, ओळ न् ओळ वाचली.

"ही तर मेपर्यंतच मागतेय," ते म्हणाले. "आयुष्यभराचं तुम्ही मागताय."

"तिला मागता येत नाही म्हणून तर मला निवडून दिलंय."

रस्क हसले नाहीत. पत्र घडी घालून परत दिलं. सूप मात्र तसंच राहिलं.

पुढच्या वेळी नाव पुकारताच जोडीदार उठला, "हरकत." त्यानं रस्क यांच्याकडे पाहिलं. रस्क खाली बघत बसून राहिले. एका हरकतीनं काही होत नाही. मी पार झालो.

मग सिनेट. तिथे हंगाम संपायची घाई होती; ऑगस्टात कसाबसा मंजूर झालो. मला जाड, पिवळसर चर्मपत्रावर छापलं, दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी सह्या केल्या आणि मी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेलो.

त्यांच्याकडे दहा दिवस असतात, रविवार सोडून. सभागृहं भरलेली असतील, तर सही न होताही दहा दिवसांनी विधेयक कायदा होतं. पण चौथ्या दिवशी सभागृहं उठली, सभासद आपापल्या गावी गेले. आता सही झाली तर जगणार, नाही तर न बोलता मरणार. मी फायलीत पडून पावलं ऐकत होतो. पडद्यातून ऊन यायचं, सरकायचं, जायचं. माझ्यावर कुणा सल्लागाराचं एक टिपण टाचलं होतं, 'एकेका व्यक्तीसाठी कायदे करणं इष्ट नाही.' चुकीचं नव्हतं ते. फक्त त्यात लेइडा कुठे नव्हती.

दहावा दिवस कोरडा गेला.

ऑक्टोबरात थर्लो झोपेतच गेले. त्याच आठवड्यात लेइडाला दुसरी नोटीस मिळाली, डिसेंबरअखेर निघायचं. मिस प्रुइट माझी प्रत आणि ते पत्र घेऊन रस्क यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"मी तुमच्या साहेबांना आडवा आलो होतो, ठाऊक आहे ना?" रस्क म्हणाले.

"म्हणूनच आले. हे पत्र साहेबांखेरीज नीट वाचणारे तुम्ही एकटेच."

रस्क यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी परदेशी नागरिकांच्या कचेरीला लिहिलं, 'नवं सभागृह भरताच हे विधेयक मी स्वतः मांडणार आहे. तोवर थांबावं.' कचेरी थांबली.

जानेवारीत, पहिल्याच दिवशी, त्यांनी पेटीत माझा जुळा भाऊ सोडला. शब्द माझेच, नंबर वेगळा, वर नाव रस्क यांचं. दोन्ही सभागृहांतून पार होऊन तो राष्ट्राध्यक्षांकडे पोचला, आणि या वेळी टिपणासोबत रस्क यांचं दोन पानी पत्र गेलं. आठव्या दिवशी त्यावर सही झाली.

बेटावर फोन गेला तेव्हा लेइडा दुसऱ्या टोकाला एका बाळंतिणीपाशी होती. तिसऱ्या दिवशी तिनं मिस प्रुइटना फोन केला.

"बाई, थर्लोसाहेबांना कुठे पुरलंय?" तिनं विचारलं. "आता मला कुठेही जाता येतं ना."

माझा भाऊ आता जाड ग्रंथात बांधलेला आहे. त्याला पान आहे, क्रमांक आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही. कुणी अभ्यासक कधी माझी पेटी उघडतो, दिव्याखाली धरतो आणि 'अयशस्वी' असं वहीत लिहून झाकण लावतो. तुम्ही आलात तर एवढंच करा. माझ्या दहा ओळी वाचा, आणि त्यातलं नाव एकदा मोठ्यानं उच्चारा. मग खुशाल झाकण लावा.