बटणावरचा हात

ठमीच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, पण त्याला पडदा नव्हता. जन्मापासून जिला दिसत नाही, तिला पडदा हवा कशाला? डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ती ऐकायची आणि टाइप करायची. मशीनमधला बोलका प्रोग्रॅम तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवायचा. पन्नाशी उलटली तरी घरात ती ठमीच होती, आणि दादाच्या लेखी तर अजून बोट धरून चालणारी.

रुग्णालयाकडून निरोप आला होता : मशीनचं फर्मवेअर नवं करा, नाहीतर सोमवारपासून आमचं काम तुमच्याकडे उघडणार नाही. फर्मवेअर म्हणजे मशीनला सगळ्यात आधी जागं करणारा, अगदी पोटातला प्रोग्रॅम. तो बदलत असताना बाकी सगळे झोपलेले असतात, बोलकासुद्धा. आणि मध्येच काही बिनसलं, तर मशीनचा दगड होतो.

"उगाच विषाची परीक्षा कशाला?" दादा म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या एकाचं मशीन असंच गेलं बाराच्या भावात."

"नाही केलं तर काम जाईल."

"जाऊ दे की. तुला काय कमी आहे इथे? खा, पी, आराम कर."

हे तो मायेनं बोलला, म्हणूनच जास्त झोंबलं. खरं तर सकाळपासून तिचाही धीर होत नव्हता. सूचना तिनं बोलक्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतल्या होत्या आणि दर वेळी पुढची कळ दाबायची राहून गेली होती. पण आता आराम करायचा म्हटल्यावर तिच्या अंगात वारं शिरलं.

"आत्ताच करते."

"आणि काय चाललंय ते कळणार कसं तुला?"

"कान आहेत."

"करू द्या हो," दारातून वहिनी म्हणाली. "तुमचं काय जातंय? तुम्ही उद्या ऑफिसात. फुगलेलं तोंड मला बघावं लागेल."

दादानं कुरकुरत माळ्यावरून एक जुना पडदा काढला, पुसला, जोडला. "मी बघत बसतो. माझे डोळे घे उसने."

"बस. पण हात लावायचा नाही."

तिनं कळ दाबली. बोलक्याचा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला आणि पंखा घोंघावू लागला. दादा सामन्याचा धावफलक सांगावा तसे टक्के मोठ्यानं वाचू लागला. मग एकदम गप्प झाला.

"ठमे, काळं झालं गं."

"काय?"

"पडदा! सगळा काळाकुट्ट. गेलं तुझं मशीन."

"काळं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पंखा चालू आहे."

"बंद करून परत लावू. टीव्हीचं आपण तसंच करतो."

खुर्ची करकरली. ठमीनं झटकन तळवा मशीनच्या बंद-चालूच्या बटणावर ठेवला. दादाची बोटं तिच्या बोटांवर येऊन टेकली.

"काढ हात."

"नाही."

"हट्टी आहेस."

"आहेच."

तेवढ्यात पंखाही थांबला. खोलीत आता काही म्हणजे काहीच नव्हतं. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल, असं सूचनेत होतं. पण ऐकताना भक्कम वाटलेलं ते वाक्य आता कागदी वाटू लागलं.

"बघ! सांगत होतो मी."

"मेलं तर माझ्या हातानं मरू दे," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात मात्र हलला नाही. "तुझ्या हातानं वाचलेलंही मला नको."

दादाची बोटं हळूच मागे गेली.

मग तळव्याखाली बारीकशी थरथर आली. पंखा फिरू लागला.

"अगं, आलं!" दादा ओरडला. "काहीतरी लिहिलंय, थांब, वाचतो..."

"वाचू नकोस. भिंतीकडे तोंड कर."

"आँ?"

"पासवर्ड टाकायचाय."

वहिनी खुदकन हसली. खुर्ची नाइलाजानं वळली. ठमीनं अक्षरं टाकली आणि बोलका त्याच्या नेहमीच्या रडक्या सुरात बोलू लागला. तिनं हेडफोन चढवले, रुग्णालयाचं काम उघडलं. उघडलं! पहिलाच अहवाल कुणाच्या तरी मूतखड्याचा होता.

"आता वळू का?" दादानं विचारलं.

तिला ऐकू आलं होतं. तरी तिनं आधी मूतखडा पुरा केला.