सुमित्राच्या नावावरचा खोकला

आमच्या रक्षाला खोकला लागला तो तान्ह्या पोळ्याला. पोरांच्या लाकडी बैलांची मिरवणूक पाहायला गेली, भिजून आली आणि दुसऱ्या दिवसापासून खोकायला लागली. पोरगी खोकते म्हणून कुणी दुकान बंद करून बसत नाही. हिंगणीत माझं किराण्याचं दुकान आणि त्याच्या मागं घर. मागून खोकला ऐकू यायचा आणि पुढं मी गिऱ्हाइकाला साखर जोखून द्यायचो. माझ्या बायकोनं, सुमित्रानं, अडुळशाचा काढा करून पाहिला, मधात पिंपळी दिली, ओव्यानं छाती शेकली. गावातल्या डॉक्टरनं सुई टोचून लाल औषधाची बाटली दिली. ती संपली तेव्हा दुसरी दिली. खोकला मात्र सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा मुक्काम ठोकून बसला होता.

दसऱ्याला रक्षाचं लग्न जमलं. दोन हजार तीन सालची ही गोष्ट. मुलगा वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेचा, नाव धर्मेंद्र, घरचं भांड्यांचं दुकान, स्वभावानं गरीब. पाहुणे बसले होते तेवढा वेळ सुमित्रानं पोरीच्या तोंडात खडीसाखर धरायला लावली होती. पाहुणे गेले आणि पोरगी इतकी खोकली की तिला भिंतीला धरून बसवावं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग मला बाकीचंही दिसायला लागलं. तिच्या हातातल्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या. रोज संध्याकाळी अंग गरम व्हायचं. हे सगळं आधीही तसंच होतं. सुमित्रानं मला कितीदा सांगितलं होतं, मीच हूं हूं करत होतो.

आम्ही तिघं तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या खोलीसमोर लांब रांग होती. खिडकीतल्या माणसानं चिठ्ठी करायला विचारलं, "पेशंटचं नाव?" रक्षा पुढं सरकली, तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सुमित्रा तिच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"सुमित्राबाई," ती म्हणाली. "लय दिवसाचा खोकला हाय."

डॉक्टरांपुढं तिनं रक्षाचंच सगळं दुखणं सांगितलं, ताप, घाम, भूक नाही, एकही गोष्ट विसरली नाही. काट्यावरही तीच उभी राहिली. बेडका तपासायची डबी मिळाली, तेव्हा रक्षाला घेऊन इमारतीच्या मागं मोकळ्या जागेत गेली. तिथं तिनं पदर आडवा धरला आणि त्या पदराआड रक्षानं डबीत थुंकलं. दुसऱ्या दिवशीची सकाळची डबीही तशीच भरली. आठवडाभरात कळलं, सुमित्राबाईंना टीबी झालेला आहे, आता गोळ्या घ्याव्या लागतील.

बसमध्ये मी तिला धारेवर धरलं. "हे काऊन केलं तू? गोया तं पोरीलेच लागनार ना?"

"गोया पोरीलेच देईन," ती म्हणाली. "नाव माह्यं राहू द्या. पोरीच्या नावावर हा रोग चढला तं तिले कोन करन? माह्यावर चढू द्या. माह्यं तं लग्न झालं हाय ना!"

असं म्हणून ती चक्क हसली. मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी उठून पुढच्या बाकावर जाऊन बसलो. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडं पोरीला टीबी झाला म्हटलं की सोयरीक मोडते, आणि एकदा मोडलेली सोयरीक पुढच्या दहा ठिकाणी आधी पोहोचते.

सहा महिन्यांच्या गोळ्यांचा डबा आला. डब्यावर सुमित्राचं नाव. डबा ठेवला अंगणवाडीच्या शोभाबाईंकडं. एक दिवसाआड त्यांनी आपल्यासमोर गोळ्या खाऊ घालायच्या, असा नियम. आता झाली ना पंचाईत! पण लोकांची भीतीच आमच्या कामी आली. शोभाबाई बाई चांगली, पण टीबीवाल्या घरात पाय ठेवायची तिची छाती नव्हती. ती दुकानाच्या पायरीवरूनच मूठभर गोळ्या सुमित्राच्या ओंजळीत टाकायची, "घेजा हो बाई" म्हणायची आणि नाकाला पदर लावून उभी राहायची. सुमित्रा पाण्याच्या निमित्तानं पडद्यामागं जायची. पडद्यामागं रक्षा पेला घेऊन तयार असायची.

गाव लहान. बातमी शोभाबाईंच्याही आधी घरोघरी पोहोचली. रात्री आमच्या घरातून येणारा खोकला आता सुमित्राचा झाला. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. विहिरीवर बायका तिचं भरून होईपर्यंत दूर थांबायच्या. माझ्या दुकानातून सुटा माल जाईनासा झाला. गूळ नको, पोहे नको, साबण द्या, बिस्किटाचा पुडा द्या, म्हणजे जे कागदात गुंडाळलेलं असेल ते. मी चिडायचो, वजनाची मापं आपटायचो. सुमित्रा म्हणायची, "आपटू नका, फुटतीन." लोखंडाची मापं कधी फुटली आहेत का?

आणखी एक उद्योग तिनं चालवला होता. तो मला फार उशिरा कळला. मला वाटायचं, लोकांचं बोलणं लागून तिचं जेवण सुटलं. तसं नव्हतं. आजारी माणूस धट्टाकट्टा दिसला तर लोकांना संशय येईल, म्हणून ती मुद्दाम अर्धपोटी राहत होती. आपल्या ताटातली भाकर ती रक्षाच्या ताटात सरकवायची. थंडी सरेपर्यंत पोरीचा ताप गेला, खोकला कमी झाला, गाल वर आले. आई वाळली आणि लेक भरली. बायका म्हणायच्या, लग्न ठरलं की पोरी अशाच भरतात.

मग बोरगाव मेघेहून आनंदाबाई आल्या, रक्षाची होणारी सासू. अंगणातच खाट टाकायला लावली, चहा नको म्हणाल्या.

"पोरीले तं काई नाई ना?" त्यांनी विचारलं.

"काईच नाई, ईहीनबाई," सुमित्रा दाराआडून म्हणाली. "पोरगी ठनठनीत हाय."

"सोयरीक मोडावी असं माह्या मनात होतं. पन धर्मेंद्र ऐकत नाई. मंग माही एक गोष्ट आयकून घ्या. लग्न झाल्यावर पोरगी इथं राह्याले येनार नाई. सनावाराले नाई, बाळंतपनालेही नाई."

मी उसळून उठलो होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणाला सांगावं लागतं? पण माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत सुमित्रा म्हणाली, "चालते." पडद्यामागं रक्षा पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी होती. रडायचंही नाही आणि खोकायचंही नाही, असं दोन्ही तिला सांगून ठेवलं होतं.

गोळ्या संपल्या. पुन्हा तपासलं, तेव्हाही पदराआड रक्षाच थुंकली, आणि सुमित्राबाई बऱ्या झाल्याचं सांगण्यात आलं. वैशाखात लग्न लागलं. रोग गेला म्हणून त्याची भीती थोडीच जाते! मांडवात नवरदेवाकडचे लोक कुजबुजायला लागले, तेव्हा सुमित्रा आपणहून मागं गेली आणि आचाऱ्याच्या चुलीपाशी उभी राहिली. कन्यादान माझ्या भावानं आणि प्रमिलावहिनीनं केलं. माझ्या पोरीचं कन्यादान, आणि मी अक्षता हातात घेऊन पाहुण्यासारखा बाजूला. निघताना रक्षा सगळ्यांच्या गळ्यात पडली. आईच्या जवळ आली, तेव्हा आनंदाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीनं खाली वाकून आईच्या पायाला बोटं लावली आणि गाडीत जाऊन बसली.

नंतर मी दर महिन्याला एकटा जाऊन तिला भेटत राहिलो. सुमित्रा माझ्यासोबत तिळाचे लाडू द्यायची. आनंदाबाई ते ठेवून घ्यायच्या. रक्षानं एकदा मला हळूच सांगितलं, लाडू गाईला घालतात.

रक्षाला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा माझा संयम सुटला. "मी आता जाऊन सगळं सांगतो," मी म्हणालो. "लेक बरी झाली, वरीस उलटलं. आता कोनाच्या बापाची भीती हाय?"

सुमित्रा दळण निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तुमी सांगान तं मले समाधान भेटन," ती म्हणाली. "अन् तिले का भेटन? आपल्याले फसवलं, रोगी पोरगी गळ्यात मारली, असंच म्हनतीन ना ते? पोटातल्या लेकरासकट तिले आनून दारात सोडतीन. तुमाले माही शपथ हाय."

मी गेलो नाही. माझी बायको माझ्यापेक्षा शहाणी आहे हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं, पण त्या दिवशी ते फार जड गेलं.

मुलगा झाला. बारशाचं बोलावणं घेऊन धर्मेंद्र स्वतः आला. दुकानात उभा राहून म्हणाला, "मामाजी, मी दवाखान्यात इचारून आलो. डॉक्टर म्हनते, मामीजी बऱ्या झाल्या, आता काईच धोका नाई. मी आईले समजावलं. दोघंही या." त्याचा चांगुलपणा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुमित्रा आतून ऐकत होती. त्या दिवसापासून तिनं जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. धुऊन, उकळत्या पाण्यात घालून, उन्हात वाळवून, पुन्हा धुऊन. मी म्हणालो, "कापडाचा जीव घेते का?" ती म्हणाली, "कोनाले बोलाले जागा नको."

बोरगाव मेघेला पोहोचलो तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. आनंदाबाई आज नीट बोलल्या. चहासुद्धा घरातल्या कपातच दिला. मग आम्हाला बाळंतिणीच्या खोलीत नेलं. शेगडीवर ओवा आणि ऊद टाकून नुकतीच धुरी दिली होती, खोलीत धूर कोंडला होता. रक्षा खाटेवर बसली होती. आईला पाहून तिचे डोळे भरून आले.

"घ्या, ईहीनबाई," आनंदाबाई म्हणाल्या आणि बाळ उचलून पुढं केलं. "पन तोंडाले पदर लावा बरं."

सुमित्रानं पदर लावला. हात पुढं केले. दुपट्याची कड तिच्या बोटांना लागली होती, तेवढ्यात रक्षा खोकली.

एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. तो खोकला आम्हा दोघांच्या ओळखीचा होता, खालून, छातीच्या तळातून येणारा. खोलीतल्या सगळ्या बायका वळून तिच्याकडं पाहायला लागल्या. आनंदाबाई बाळासकट मागं फिरल्या.

"रक्षा, हा खोकला कधीपासून हाय तुले?"

रक्षानं तोंडावर हात दाबला. धर्मेंद्र दारातून आत आला. कुणीतरी हलकेच म्हणालं, "हिच्या आईले होता ना..."

आणि सुमित्रा खोकायला लागली. हात मागं घेतले, कमरेतून वाकली आणि अशी खोकली की शेजारची बाई दचकून भिंतीला टेकली. हुबेहूब रक्षाचा खोकला. सहा महिने रात्रंदिवस ऐकलेला, तिला पाठच होता तो. सगळे डोळे रक्षावरून सुटले आणि सुमित्रावर येऊन पडले. आनंदाबाईंनी बाळाला छातीशी घट्ट धरून कोपऱ्यात नेलं. "म्हनलं होतं ना मी! म्हनलं होतं ना, हिले बोलावू नका!" त्या धर्मेंद्रवर ओरडत होत्या.

मी रक्षाकडं पाहिलं. मला वाटलं, ही आता तरी बोलेल.

"आई," रक्षा म्हणाली, "तू बाहेर जाय. इथं बाळ हाय."

माझा हात शिवशिवला. खाडकन एक ठेवून द्यावी असं वाटलं. मग तिचा चेहरा नीट दिसला. आईनं जे केलं ते तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, आणि ते वाया जाऊ द्यायचं नाही एवढंच ती करत होती.

"हो माय," सुमित्रा म्हणाली आणि दुपट्यांची पिशवी तिथंच ठेवून बाहेर आली.

वर्ध्याच्या स्टँडवर हिंगणीच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती बोटात पदर गुंडाळत होती.

"धुराचाच होता ना हो तो?" तिनं विचारलं.

"धुराचाच," मी म्हणालो.

"येत्या बाजाराच्या दिवशी तुमी एकटे जा. हाताच्या बांगड्या पाहून या, ढिल्या झाल्या का. अन् संध्याकाळपर्यंत थांबून या. अंग गरम होते का, तिलेच इचारा, कोनी नसन तवा."

"जाईन."

गाडी लागली. माणसं धावली. ती उठली नाही.

"पोरगं कसं हाय हो?"

"कसं म्हंजे? तूच तं जवळ होती."

"मी पायलंच नाई," ती म्हणाली. "मी रक्षाकडंच पाहून राह्यली होती."

"तुह्यावर गेला हाय," मी म्हणालो. "नाक तं थेट तुह्यं."

ती इतकी खूश झाली की मी तिकिटाचं निमित्त करून उठलो. बाळाकडं मीही पाहिलं नव्हतं.