शेवटचं कडवं

मोतीबाईचा हट्ट एकच होता. तिच्या भाचीनं, रीतानं, सासरी निघताना ढावलो स्वतःच्या गळ्यानं म्हणायचा. ढावलो म्हणजे बंजारा नवरीनं रडत रडत गायचं गाणं. पण मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात हल्ली नवरीच्या वाटचं रडणंही डीजेच उरकून टाकी, आणि त्याचा या विधवा आत्याला भारी संताप.

रीता वाशीमच्या वसतिगृहात शिकलेली, गोरमाटी बोलताना अडखळायची. एवढं लांब गाणं ऐकून तिनं हातच टेकले. मग मोतीबाईनं भाकरी थापताना रोज एकच ओळ द्यायची, असं ठरवलं. ती जिभेवर बसल्याशिवाय पुढची नाही. रीताचे आईबाप ऊसतोडीला गेले, की घरात या दोघीच. उन्हाळा लागेपर्यंत पोरगी सलग गाऊ लागली. कधी कुणाचं कौतुक न करणारी मोतीबाई शेजारणींना बोलावून ऐकवू लागली.

शेवटचं कडवं तेवढं राहिलं. तांड्यात ते आता एकट्या मोतीबाईलाच येत होतं. त्यात नवरी माहेराला आशीर्वाद देते. ते हळद लागण्याआधी म्हटलं तर माहेर तुटतं, ही मोतीबाईच्या आईची शिकवण. रीता मोबाइलमध्ये भरून घेते म्हणाली, तर आत्यानं झिडकारलं.

"हळद लागू दे. मंग देतो."

लग्न आठवड्यावर आलं आणि मोतीबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. लग्न पुढं ढकलू का, असं भावानं विचारलं, तेव्हा तिनं डाव्या हातानंच नको म्हटलं.

निघताना रीता तिच्या खाटेशी आली, गळ्यात पडली आणि गाऊ लागली. एक ओळ चुकली नाही. डीजेवालाही गप्प झाला. मग गाणं थांबलं. रीतानं मान वर करून आत्याच्या तोंडाकडं पाहिलं.

कडवं मोतीबाईच्या डोक्यात चालीसकट लख्ख होतं. तिनं ओठ हलवले. नुसती घरघर आली. तिनं पुन्हा जोर लावला, पुन्हा तेच.

"राहू दे, आत्या," रीता म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

पोरीनं शेवट काय सुरेख केला, असं बायका म्हणत राहिल्या. गाडी हलली. मोतीबाई डाव्या हातानं खाट बडवत होती. झालं नाही, अजून राहिलंय, हे तिला सांगायचं होतं. आत्याच्या मनाला फार लागलं म्हणत रीताच्या आईनं, रुखमाबाईनं, मायेनं तिचा तो हात धरून ठेवला.